अडतीस घरांचं बदक

आमच्या शेजारचे नरसय्यामामा माणसाकडे बघत नाहीत, माणूस मोजतात. माझं लग्न झालं आणि सुनंदा पहिल्यांदा आमच्या दारात आली, तेव्हा तिनं माप ओलांडायच्या आतच मामा पुढे सरकले. डोळे बारीक करून आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "पोरगी येकदम बसतीया. तुज्याच नाकाला दोन घरं जास्त झाल्यात." वऱ्हाडात हशा पिकला. आजही आमचं भांडण तापलं की सुनंदा मूळ मुद्दा सोडून थेट माझ्या नाकाच्या दोन घरांवर येते.

घर म्हणजे ग्राफपेपरवरचा चौकोन. मामांची उभी हयात सोलापुरात चादरीच्या कारखान्यात डिझाइन काढण्यात गेली. आधी नक्षी ग्राफवर काढायची, एकेक चौकोन भरायचा, कुठं धागा वर येणार आणि कुठं खाली जाणार ते ठरवायचं. मग त्याप्रमाणे पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची, ती कार्डं मागावर चढवायची, आणि खालून चादर बाहेर पडायची. त्यामुळं मामांच्या लेखी जगात दोनच प्रकारच्या गोष्टी आहेत. एक ‘बसतंय’ आणि दुसरी ‘बसत न्हाय’. नोकरी सुटून कितीतरी वर्षं झाली, पण कानावरची पेन्सिल सुटली नाही आणि कारखान्यातून आणलेले ग्राफचे गठ्ठे अजून संपले नाहीत.

पेठेत कुणाची लग्नपत्रिका आली की मामा ती वाचत नाहीत, तपासतात. एकदा तर पत्रिका घेऊन नवरदेवाच्या घरी परत गेले आणि गणपतीवर पेन्सिलीनं खुणा करून म्हणाले, "सोंड तीन घरं डावीकडं घ्या, मग वाटा." पत्रिका वाटून झाल्या होत्या. लग्नाला मात्र मामांना मानानं पुढच्या रांगेत बसवलं, कारण ते मागं बसून स्टेजवरच्या कमानीवर काय बोलतील याची सगळ्यांनाच धास्ती होती.

मी शाळेत संगणक शिकवतो. म्हणजे आमच्याकडं आठ संगणक आहेत, त्यातले पाच चालतात, तिघांना माउस आहे, आणि उरलेला वेळ मी ‘हात लावू नका’ हे शिकवतो. पण पेठेत कुणाचा मोबाईल अडला की "सरांना विचारा" असं होतं, आणि मलाही त्याची सवय झाली आहे. मामाही मला सरच म्हणतात. फक्त अरे-तुरे करून म्हणतात.

आमच्या शाळेचं नवं बोधचिन्ह ठरलं तेव्हा मी समितीत होतो. समितीत सहा जण, म्हणून चिन्हात समई, पुस्तक, कमळ, उगवता सूर्य, लेखणी आणि पृथ्वीचा गोल. कुणाचंच मन मोडलं नव्हतं. मी मोठ्या हौसेनं ते मामांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला आणि विचारलं, "येवडं सामान घेऊन शाळा निघाली कुटं?" पृथ्वीचा गोल माझा होता. तेवढाच आता आठवतो.

तर अशा या माणसाच्या आणि माझ्यामध्ये गेल्या वर्षी एक ऑपरेटिंग सिस्टीम आली.

देशातल्याच एका कंपनीनं संगणकासाठी ती नवी बनवली होती. अजून कुणाच्या संगणकात ती आली नव्हती, नुसतं नाव आणि लोगो जाहीर झाला होता. नाव ‘ओंजळ’. लोगो म्हणजे निळ्या रंगाची एक वळणदार रेघ, डावं टोक जरा जास्तच वर उचललेलं, आणि त्या टोकाच्या वर एक थेंब. ओंजळीत पाणी पडतंय अशी कल्पना. सिस्टीम चालते कशी हे कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळं बोलायला सगळेच मोकळे होते.

आमच्या पेठेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस दुसरा विषय नव्हता. एकाला नावात देव का नाही याचं दुःख झालं. एकाला नाव मराठी वाटत असल्यामुळं ती चालणार नाही अशी खात्री होती, आणि दुसऱ्याला तेवढ्याचमुळं ती चालणार अशी. आमचे मुख्याध्यापक म्हणाले, रंग निळा घ्यायला नको होता, पण कोणता घ्यायला हवा होता ते त्यांनी सांगितलं नाही. कोपऱ्यावरचे मोबाईल दुरुस्तीवाले रफीकभाई म्हणाले, "नाम तो ठंडे पानी की टाकी का लगता. अपने को नक्को."

मी गप्प बसणं शक्यच नव्हतं. सगळी पेठ ज्याला सर म्हणते त्यानं संगणकाच्या विषयात गप्प बसायचं म्हणजे काय. मी अख्खी दुपार घालवली आणि दोन ओळी लिहिल्या: "ओंजळ कसली, हे तर कंबर तलावातलं बदक! आणि ओंजळच असेल तर सगळा डेटा बोटांतून गळणार. आधी बादली द्या."

झालं. ग्रुपवर हसणाऱ्या तोंडांचा पाऊस पडला. एकदा बदक म्हटल्यावर दुसरं काही दिसेना. वळणदार रेघ म्हणजे अंग, उचललेलं टोक म्हणजे मान, थेंब म्हणजे डोकं. लोक बदकाला चोच काढून पाठवायला लागले. तिसऱ्या दिवशी माझाच मजकूर माढ्याहून सुनंदाच्या भावानं मला पाठवला, खाली ‘कुणाचं डोकं हाय, लई भारी’ असं लिहून. मी ताबडतोब फोन करून सांगितलं, ते डोकं माझं आहे. तो म्हणाला, "असू दे की दाजी." विश्वास ठेवला नाही हे आवाजातच कळलं. आपलं नाव न लागता आपली वस्तू गावोगाव फिरते याचं मला दोन दिवस फार वाईट वाटलं. इतकं, की मी सुनंदाला ते परत परत बोलून दाखवलं.

तेवढ्यावर थांबलो असतो तरी बरं. कंपनीनं आपल्या पानावर ‘प्रतिक्रिया कळवा’ अशी चौकट ठेवली होती, तीही मराठीत. तिथं जाऊन मी बदक लिहून आलो. लगेच उत्तर आलं: "आपले शब्द आमच्यापर्यंत पोहोचले. मनापासून आभार." मी शिक्षकांच्या खोलीत जाहीर केलं, की कंपनीनं माझी दखल घेतली आहे, बहुतेक लोगो बदलतील. मुख्याध्यापक म्हणाले, त्यांनाही हेच उत्तर आलंय. त्यांनी काय लिहिलं होतं असं विचारलं तर म्हणाले, काहीच नाही, चष्मा नव्हता, रिकाम्या चौकटीवरच बोट पडलं. आपोआप जाणारं उत्तर होतं ते. संगणकाच्या शिक्षकाला हे मुख्याध्यापकांकडून कळलं.

सगळ्या पेठेत हसले नाहीत ते एकटे मामा. त्यांनी माझा फोन हातात घेतला, लोगो बघितला आणि फोन उलटा करून त्याची पाठ बघितली. मला हसू आलं. मामा म्हणाले, "हसतोस काय? गिऱ्हाईक चादर हातात घेतलं की पयलं पलटून बगतंय. पुडनं जे लाल, ते मागनं पांढरं. मागनं बिघडलं तर पुडचं कोण घेतंय?" मग आत जाऊन आरसा आणला, फोन आरशापुढं धरला आणि बराच वेळ बघत बसले.

"काढलं कुणी हे?" त्यांनी विचारलं.

"कंपनीनं," मी म्हणालो.

"कंपनीला हात असत्यात व्हय?"

मी फोन घेऊन घरी आलो आणि बदकाला आणखी कुणी काय जोडलंय ते बघत बसलो.

रविवारी सकाळी मामांनी भिंतीपलीकडून हाक मारली, "सर, ये रे जरा." गेलो. मामी जाऊन तीन वर्षं झाली, मुलगी भिवंडीला असते, त्यामुळं मामांच्या घरात हल्ली बोलायला फक्त रेडिओ. सतरंजीवर ग्राफ पसरला होता आणि त्यावर ओंजळ. निळ्या पेन्सिलीनं एकेक चौकोन भरलेला. खोटं कशाला सांगू, मोबाईलवर कधी वाटलं नव्हतं इतकी ती रेघ देखणी दिसत होती.

"अडतीस घरं रुंद," मामा म्हणाले. "बग हितं. गोल काढायचं म्हणजे ग्राफवर पायऱ्या पडत्यात. कुणी बी काढू दे, पडत्यातच. पण ह्यानं वळण असं धरलंय, पायरी दिसतच न्हाय. येका दिवसात होत न्हाय हे. लई खोडलं आसंल त्यानं. लई पुसलं आसंल." त्यांनी थेंबावर बोट ठेवलं. "येवडं येक चुकलंय. थेंब दोन घरं उजवीकडं पायजे होता, म्हणजे मानेवर आला नसता. दोन घरं फक्त. तेवड्यावरनं सगळं गाव त्याला बदक म्हणतंय."

मी मांडी बदलली. समोर चिवड्याची ताटली होती, तिच्यात लक्ष घातलं.

"मला त्याला लिवायचंय," मामा म्हणाले. "ज्यानं काढलंय त्याला. तू पत्ता काढ."

मी म्हणालो, "मामा, एवढ्या मोठ्या कंपनीत कुणी काढलं ते कसं कळणार? नाव लावत नाहीत ते."

"नाव तर माजं बी कुटं लावलं?" मामा उठले. पत्र्याच्या पेटीतून त्यांनी एक चादर काढली आणि माझ्यापुढं उलगडली. मरून आणि पांढरी, वापरून वापरून मऊ पडलेली. मधोमध मोठा पक्षी.

मग त्यांनी सांगितलं. तरुण असताना मालकानं त्यांना पहिल्यांदा म्हटलं होतं, नेहमीची फुलं पुरे, काहीतरी नवं काढ. मामांनी दोन महिने खपून मोर काढला. पहिल्या चादरी मागावरून उतरल्या आणि कारखान्याच्या दारात एक व्यापारी उभा होता. त्यानं चादर झटकून बघितली आणि म्हणाला, "मालक, ही कोंबडी अंडी देती का?" सगळे हसले. मालकही हसले. संध्याकाळपर्यंत सगळ्या कारखान्यात तिचं नाव कोंबडी झालं. आठवड्यानं कार्डं मागावरून उतरवली.

"तो गडी बोलून गेला," मामा म्हणाले. "त्याला कुटलं ध्यानात आसणार. मी मातर त्याच्या म्होरं नवीन काय काढलंच न्हाय. मालक म्हणला फूल, तर फूल. पट्टा म्हणला, तर पट्टा. रिटायर होईस्तोवर."

मी चादरीकडं बघत होतो. काहीतरी बोलायला हवं होतं. मान आखूड होती, पिसारा अंगाला चिकटला होता, पायच तेवढे ठसठशीत आले होते. खरं सांगतो, कोंबडी होती. नुसती कोंबडी नाही, खुडूक बसलेली कोंबडी.

"मोर आहे की मामा," मी म्हणालो. "स्पष्ट मोर आहे."

"खोटं बोलू नको. कोंबडीच हाय." मामा शांतपणे चादरीची घडी सरळ करत होते. "मला काय दिसत न्हाय व्हय? पिसाऱ्याला घरं कमी धरली मी. पण तुजी मामी एकतीस वर्सं हेच पांघरली. माहेरचं कोण आलं की मुद्दाम काढायची अन् दाखवायची. ‘नेमली’ म्हणायची. आमच्या तेलुगूत मोराला नेमली म्हणत्यात. मी म्हणायचो, अगं कोडी हाय ती, कोंबडी. ऐकायचीच न्हाय. दवाखान्यात बी हेच पायजे म्हणली. नर्सबाईला सांगितली, आमच्या ह्येंनी नेमली काढलीया." त्यांनी चादरीची आणखी एक घडी सरळ केली. "आता ती न्हाय तर मोर म्हणणारं कोणच न्हाय. त्या पोराला बी आसंल का न्हाय कोण, म्हाईत न्हाय. म्हणून लिवायचं."

मी चिवड्याची ताटली बाजूला सरकवली. दोन दिवस मी माझं नाव लागलं नाही म्हणून रडत होतो, आणि नाव कशाला लावायचं होतं, तर ह्याला. मी म्हणालो, "मामा, ते बदक... ते पहिल्यांदा मीच लिहिलं."

"म्हाईत हाय की."

"कसं काय?"

"दारात उभा ऱ्हाऊन सुनंदाला तीनदा वाचून दाखवलास. तुजा आवाज शाळेतला हाय, सर." त्यांनी कानावरची पेन्सिल काढून माझ्या हातात दिली. "म्हणून तर तुला बोलावलं. लिवायला दुसरी बी पोरं हैत पेठंत. घे, मी सांगतो."

मी फोन काढला, पण मामांना आधी कागदावर हवं होतं. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं, त्यांनी खोडायला लावलं, मी पुन्हा लिहिलं. पाऊण तास गेला. शेवटी ठरलं ते असं: "तुमचं चिन्ह मी ग्राफवर काढून बघितलं. अडतीस घरांत बसतंय. वळणाला पायरी दिसत नाही, हे अवघड काम आहे, मला माहीत आहे. मागनं पण बघितलं, मागनं पण चांगलं आहे. थेंब दोन घरं उजवीकडं घेतला तर बघा, नाहीतर राहू दे. लोक हसतील. तुम्ही काढायचं थांबू नका. नरसय्या, डिझाइनवाला, सोलापूर."

मी विचारलं, "खाली माझं पण लिहू का काही?" मामा म्हणाले, "तुज्या मनानं लिव." मी लिहिलं, की बदक म्हणणारा मीच, ग्राफवर बघितल्यावर तसं वाटलं नाही, चूक झाली. माफी लिहिताना समजलं, की टोमणा लिहायला अख्खी दुपार लागली होती आणि हे दोन मिनिटांत झालं.

ग्राफचा फोटो जोडला आणि त्याच चौकटीत, जिथं मी बदक सोडून आलो होतो तिथंच, हे पाठवलं. दुसरा पत्ता माझ्याकडं नव्हता. मामा फोनकडं बघत बसले होते, हात मांडीवर ठेवून, दवाखान्यात नंबर लावून बसतात तसे.

फोन वाजला. उत्तर आलं होतं.

"आलं?" मामा पुढे झुकले. "येवड्यात? वाच की."

मी वाचलं: "आपले शब्द आमच्यापर्यंत पोहोचले. मनापासून आभार."

मामांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकानं पुसला आणि परत घातला. पुसायची काही गरज नव्हती. मग त्यांनी विचारलं, "त्यानंच लिवलंय का रे? ज्यानं काढलं त्यानं?"

मला मुख्याध्यापकांची रिकामी चौकट आठवली. संगणक शिकवणाऱ्या माणसानं अशा वेळी काय सांगायचं ते मला पक्कं ठाऊक होतं. मी चादरीवरच्या पक्ष्याकडं बघितलं.

"त्यानंच, मामा," मी म्हणालो. "दुसरं कोण लिहिणार? शब्दावरनं कळतंय की. हातानं लिहिलेलं आहे."

मामा माझ्याकडं बघत राहिले. डोळे बारीक करून, नाकापासून सुरुवात करून, एकेक घर मोजत. मी नजर हलवली नाही. रेडिओवर बाजारभाव चालले होते.

"बागुंदी," ते म्हणाले. छान आहे म्हणायचं असलं की त्यांच्या तोंडी तेलुगूच येतं. मग त्यांनी चिवड्याची ताटली माझ्याकडं सरकवली.

"तुला बी मोर म्हणायला जमायला लागलं की रे सर," मामा म्हणाले. "परत वाच."

मी परत वाचलं.